वस्तादाचं सोंग घेणारी गाठ

शाहूपुरीतल्या आमच्या मेडिकलच्या फ्रिजमध्ये निवोलुमॅब हे कॅन्सरचं औषध असलं की माझं निम्मं लक्ष तिकडंच. २ ते ८ अंश, गोठवायचं नाही, हलवायचं नाही, उजेड लागू द्यायचा नाही. परवा गंगावेशीतले एक आबा कुपी न्यायला आले. जुने पैलवान, धाकट्या भावाला तंबाखूनं गालाचा कॅन्सर.

"ही केमोच की रं?"

म्हटलं, नव्हं आबा. ही कॅन्सरच्या पेशीला हातसुद्धा लावत नाही.

आपल्या टी-पेशी, म्हणजे रक्तातल्या रोगाशी झुंजणाऱ्या पेशी, लढायला लागल्या की त्यांच्या अंगावर पीडी-१ नावाचा रिसेप्टर, म्हणजे खूण ओळखणारं प्रथिन, येतो. समोरच्या पेशीवरचं पीडी-एल१ हे प्रथिन त्याला जुळलं, की टी-पेशी थंडावते. तालमीत वस्तादानं खूण केली की जोड सुटते, तसंच. काही गाठी हीच खूण करायला शिकतात. औषध पीडी-१ वर जाऊन बसतं, मग ती खूण पोचतच नाही.

"म्हणजे वस्तादाचं सोंग घेतलंय म्हण की बेण्यानं!"

अगदी. पण सगळ्याच गाठी असं सोंग घेत नाहीत, म्हणून औषध सगळ्यांना लागूही पडत नाही.

१९९२ मध्ये जपानमधल्या क्योटोत तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत पेशी मरतात कशा हे शोधताना हा रिसेप्टर हाती लागला. १९९९ मध्ये तिथंच दिसलं, की पीडी-१ नसलेल्या उंदरांना ल्युपससारखा आजार होतो. शरीर स्वतःवरच उठतं. २०१८ चं नोबेल होंजोंना जेम्स ॲलिसन यांच्याबरोबर मिळालं. मला मात्र ते उंदीरच जास्त आठवतात. कारण हे औषध चालू असताना जुलाब लागले तर ते आतड्यावर उठलेल्या टी-पेशींचं काम असू शकतं, आणि लोक येतात काउंटरवर, "जुलाबाची एक गोळी द्या." नाही देत. धाप लागली, जुलाब झाले, तर आधी डॉक्टरांना फोन. भांडण झालं तरी चालेल.

नेहमीचा डोस दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. आमच्याकडं कुणाला परवडणार? मुंबईच्या टाटा मेमोरियलनं डोक्या-मानेच्या पुढं गेलेल्या कॅन्सरमध्ये तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम देऊन पाहिलं, सोबत स्वस्त गोळ्या. नुसत्या गोळ्यांवर वर्षभर जगलेले १६.३ टक्के, निवोलुमॅब जोडल्यावर ४३.४ टक्के.

आबांची चिठ्ठी त्याच डोसची. कुपी ४० मिलिग्रॅमची, म्हणून डॉक्टरांनी गडहिंग्लजच्या एका पेशंटलाही त्याच दिवशी बोलावलंय. बिल दोघांत निम्मं-निम्मं.