आईची चप्पल निसटली तेव्हा

मागच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आई साताऱ्याहून माझ्याकडे पुण्याला आली. स्वारगेटला उतरून रिक्षाकडे चालताना तिच्या डाव्या पायातली चप्पल निघून मागे राहिली आणि ती तशीच अनवाणी पावलाने पुढे चालत राहिली. "अगं आई, चप्पल!" मी ओरडले, तेव्हा तिने खाली पाहिलं. तोवर तिला पत्ताच नव्हता.

विसराळूपणा त्याआधी दीड वर्षापासून होता. आई ७४ वर्षांची, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. दुधाचा हिशेब ती आयुष्यभर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहीत आली. उन्हाळ्यात मी साताऱ्याला गेले, तर एका तारखेच्या चौकोनात तीनदा 'अर्धा लि.' आणि पुढचे आठ दिवस कोरे. दूधवाल्याला एकाच महिन्याचे पैसे दोनदा दिलेले. त्या भल्या माणसाने ते परत आणून दिले. तेव्हाच्या डॉक्टरांनी रिपोर्ट चाळले, "हिमोग्लोबिन जरासं कमी आहे, बाकी वयोमानाप्रमाणे व्हायचंच," म्हणाले आणि स्मरणशक्तीच्या गोळ्या लिहून दिल्या. आम्हीही ते मान्य केलं. याचं मला आजही वाईट वाटतं.

चपलेच्या प्रसंगानंतर मात्र मी तिला मेंदूविकारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी आधी स्मरणशक्तीबद्दल काही विचारलंच नाही. "काकू, तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो का हो?" आई चपापली. महिनाभर ती एका हाताने बेसिन धरून तोंड धूत होती, आम्हाला कुणाला बोलली नव्हती. मग त्यांनी कंप पावणारा धातूचा चिमटा तिच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवला. "काही जाणवतंय?" "नाही." घोट्यावर टेकवला. "नाही." गुडघ्यावर ठेवल्यावर ती म्हणाली, "हां, आता थरथरतंय."

मग स्मरणशक्तीची ३० गुणांची चाचणी. शंभरातून सात वजा करत जायचं होतं. ९३, ८६... आणि आई थांबली. तीस वर्षं पोरांकडून पाढे घोटून घेतलेली बाई माझ्याकडे बघत राहिली. २१ गुण पडले.

डॉक्टरांना संशय आला तो बी-१२ या जीवनसत्त्वाच्या उणिवेचा; ते कमी पडलं की नसा आणि स्मरणशक्ती दोन्हींना फटका बसतो. माझा भाऊ त्याच संध्याकाळी टॉनिक आणायला निघाला होता. डॉक्टरांनी सक्त मनाई केली: आधी रक्त तपासायला द्या, मग गोळी. गोळ्या सुरू झाल्या की रक्तातला बी-१२चा आकडा फुगतो आणि खरं काय ते कळत नाही. शिवाय नुसतं फॉलिक ॲसिड, म्हणजे दुसरंच एक जीवनसत्त्व, पोटात गेलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं.

बी-१२ आलं ११८. प्रयोगशाळेची खालची मर्यादा २००. थायरॉईड ठीक होतं. मेंदूच्या एमआरआयमध्ये वयाला साजेसा थोडा आक्रस, म्हणजे मेंदू जरासा आकसलेला, आणि बारीक रक्तवाहिन्यांचे काही जुने डाग.

"पण मी दूध घेते की," आई म्हणाली. घेत होती, चहापुरतं. आमचं घर शाकाहारी, म्हणजे बी-१२ मिळायचं ते दुधा-दह्यातूनच. दूध-दही नातवंडांना आधी. पण डॉक्टरांनी तिच्या औषधांच्या पिशवीकडे बोट दाखवलं. अन्नातलं बी-१२ प्रथिनाला चिकटलेलं असतं, ते सुटायला जठरातलं आम्ल लागतं. वयाबरोबर ते कमी होतं आणि आई तर पाच वर्षं रोज सकाळी पॅन्टोप्राझोल, म्हणजे आम्ल कमी करणारी गोळी, घेत होती. मधुमेहासाठी बारा वर्षं मेटफॉर्मिन, तेही बी-१२ नीट शोषू देत नाही. यकृतात काही वर्षांचा साठा असतो, म्हणून उणीव उशिरा उघडी पडते. पूर्वीच्या तपासणीत तांबड्या पेशी मोठ्या दिसल्या नाहीत, कारण लोहही कमी होतं. बी-१२ची उणीव पेशी मोठी करते, लोहाची लहान.

नंतर मी वाचलं की पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे आणि परिसरातल्या ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं होतं. त्यात ६७ टक्के लोकांचं बी-१२ कमी निघालं. तो अभ्यास २००६ साली छापून आला. आमच्याच गावात इतकी वर्षं ही माहिती होती.

इंजेक्शनं सुरू झाली. पहिले दोन आठवडे दिवसाआड, मग आठवड्याला, आता महिन्याला एक. औषध डाळिंबाच्या रसासारखं लाल. पॅन्टोप्राझोल डॉक्टरांनी हळूहळू बंद केलं. मेटफॉर्मिन चालू आहे. दीड महिन्याने आई बेसिन न धरता तोंड धुवायला लागली. चिडचिड गेली, दुपारची गुंगी गेली. सहा महिन्यांनी पुन्हा चाचणी झाली, २५ गुण.

भावाने विचारलं, मग आम्ही सगळ्यांनीच घ्यावं का, डोकं तल्लख राहील? डॉक्टर म्हणाले, उणीव असेल तर भरून काढा; नसेल तर गोळीने स्मरणशक्ती वाढत नाही. आणि आईचं सगळंच परत येईल असंही ते पहिल्या दिवसापासून कधी बोलले नाहीत. डाव्या तळपायाला अजून कापसावरून चालल्यासारखं वाटतं. संध्याकाळी एकच गोष्ट ती दोनदा विचारते. ते दीड वर्ष वाया गेलं नसतं तर, हे माझ्या मनातून जात नाही.

आई आता साताऱ्याला परत गेली आहे. परवा वहिनीने कॅलेंडरचा फोटो पाठवला. रोजच्या चौकोनात अर्धा लिटर, नीट एकदाच. 'सुई' मात्र ११ आणि १२ अशा दोन्ही तारखांना लिहिलंय. खरी १२ ला आहे. आदल्या रात्री मी फोन करतेच.