सर्वानुमते बोअर

उजनी काठोकाठ भरो नाही तर तळाला जावो, सोलापूरच्या नळाला रोज काही पाणी येत नाही. त्यामुळे इथल्या अपार्टमेंटची कुठलीही मीटिंग शेवटी पाण्यावरच येते. पार्किंग, लिफ्ट, भटकी कुत्री हे सगळं तोंडी लावायला.

आमच्याकडे साठलेल्या पैशांत तीनपैकी एक गोष्ट होणार होती: बोअर, मोठा हौद किंवा टँकर. खालच्या मजल्यांना बोअर हवा, तो नसेल तर हौद; टँकर नकोच, चिखल त्यांच्या दारात होतो. मधल्यांना हौद, नाही तर टँकर, पण बोअर नको. वरच्यांना टँकर, फार तर बोअर. हौदासाठी पार्किंग खणायचं नाही. तिन्ही गट संख्येनं सारखेच. आता गंमत बघा. हौद आणि टँकर यांत मत घेतलं तर हौद जिंकतो. बोअर आणि हौद यांत बोअर. मग बोअर टँकरला सहज हरवणार, असं कुणीही म्हणेल. त्या दोघांतच मत घ्या, टँकर जिंकतो! प्रत्येक माणूस आपापल्या जागी शहाणा, आणि सगळे मिळून नुसते गोल गोल फिरतात.

कोंदोर्से या फ्रेंच गणितज्ञानं हे कोडं १७८५ मध्येच मांडून ठेवलंय. आमच्या अध्यक्षांनी ते वाचलं नसावं. तरी त्यांनी आधी हौद की टँकर, मग जिंकेल त्याच्याविरुद्ध बोअर, असाच क्रम लावला. ते तळमजल्यावर राहतात, हे आपलं जाता जाता.

मी मधल्या मजल्यावरचा. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे, भेगेत पाणी लागलं तर लागलं, हे मी सांगून पाहिलं. ‘‘सगळ्यांचं जमलंय, तुम्हीपण हो म्हणा की ओ. कशाला ताणताव?’’ एक मामा म्हणाले. प्रेमानंच म्हणाले, हीच तर अडचण.

कोंदोर्सेची पुढची गोष्ट मला त्याच्या गणिताहून आवडते. फ्रेंच राज्यक्रांतीत, १७९३ च्या जानेवारीत, राजा सोळाव्या लुईच्या शिक्षेवर मतदान झालं. राजा दोषी, हे कोंदोर्सेला मान्य होतं. देहदंड मुळातच मान्य नव्हता. त्यानं देहदंडाखालची सगळ्यांत कडक शिक्षा मागितली. त्याच वर्षी नव्या राज्यघटनेवर टीका केली म्हणून त्याच्यावर वॉरंट निघालं, आणि १७९४ मध्ये तो कैदेतच गेला. आमच्याकडे फार तर काय होईल, व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या गुड मॉर्निंगला कुणी उत्तर देणार नाही.

म्हणून सेक्रेटरींना म्हटलं, वर्गणी पूर्ण देतो, पण ‘सर्वानुमते’ लिहू नका, माझा विरोध लिहा. त्यांचा पेन थांबला. ‘‘मग वर्गणी कशाला देताव?’’ शेजाऱ्यांनी ठरवलं म्हणून खड्ड्याला पैसे देईन. खाली पाणी आहे, असं तेवढं माझ्याकडून वदवून घेऊ नका.

लिहिलं त्यांनी, थोडं बारीक अक्षरात. मग पॉइंट कुठं घ्यायचा, हा विषय निघाला. तळहातावर नारळ ठेवून चालणारा एक पाणाड्या कुणाच्या तरी ओळखीचा निघाला. नारळ उभा राहिला की खाली पाणी. विरोध करणारा माणूसच नीट लक्ष ठेवेल, म्हणून त्याच्यासोबत आवारभर फिरायचं काम माझ्याकडे आलं. हा ठराव मात्र खरोखरच एकमतानं झाला. नारळाचे पैसे वर्गणीत धरायचे का, यावर रविवारी मीटिंग आहे.