तुम्ही विचारलेत म्हणून : ते कांस्यपदक

“मॅडम, तुम्ही खरंच भारताकडून खेळलात?” मानकापूरच्या क्रीडा संकुलाबाहेर मुलांची वाट पाहत उभे असलेले पालक हा प्रश्न दोन स्वरांत विचारतात. काहींच्या स्वरात कौतुक असते. काहींनी कुठेतरी ऐकलेले असते की तायक्वांदोत पैसे भरले की कोणीही आंतरराष्ट्रीय खेळाडू होतो. कौतुकाला मी आजवर नुसती हसले आणि संशयाला फटकारले. खरे उत्तर मात्र दोन्ही वेळा दिले नाही.

पैसे मी भरले, हे खरे आहे. जागतिक संघटनेच्या खुल्या स्पर्धांना नाव देशाच्या संघटनेमार्फतच जाते, खेळाडूचा परवाना लागतो, पाठीवर देशाचे नाव असते. पण विमानाचे तिकीट, हॉटेल आणि प्रवेशशुल्क यांची सोय बहुतेकांना घरूनच करावी लागते. चार वर्षे पहाटे रेशीमबागेच्या मैदानावर धावून, नागपूरच्या मे महिन्यात प्लास्टिकचे जॅकेट घालून घाम काढत जिने ५३ किलोत वजन बसवले, तिला ‘पैसे भरून गेली’ म्हणणाऱ्यांनी एकदा ते जॅकेट अंगात घालून पाहावे.

एवढे बोलून मी नेहमी थांबते. आज पुढचे लिहिते.

२०१९ मध्ये मी आग्नेय आशियातील एका खुल्या स्पर्धेला गेले, त्यासाठी वडिलांनी पतसंस्थेतून कर्ज काढले होते. वजन झाल्यावर संध्याकाळी ड्रॉ, म्हणजे कोणाची फाइट कोणाशी याचा कागद, लागला. माझ्या वजनगटात पाच मुली होत्या. पाच असल्या की पहिल्या फेरीत एकच फाइट होते आणि उरलेल्या तिघींना बाय मिळून त्या न खेळता थेट उपांत्य फेरीत जातात. त्या तिघींत मी होते. आणि त्या फेरीत हरणाऱ्या दोघींनाही कांस्यपदक मिळते. भिंतीवरच्या कागदावर बोट ठेवून मी दोनदा मोजले. कोर्टवर पाऊल न ठेवता माझे पदक नक्की झाले होते. त्या रात्री मला आनंद झाला. हे मुद्दाम नोंदवते, कारण नंतर मी ही हकीकत ज्या दोन-तीन मैत्रिणींना सांगितली, त्यांना सांगताना मी त्या रात्री अस्वस्थ असते.

उपांत्य फेरीत समोर कोरियाची मुलगी होती, माझ्याहून वीतभर उंच. तिचा पुढचा पाय जमिनीला टेकतच नव्हता. मी आत शिरले की तो पोटावर येई आणि मागे सरकले की हेडगार्डवर. पोटावरच्या किकला दोन गुण, डोक्यावरच्या किकला तीन; माझा श्वास जागेवर येण्याआधी फलकावरचा तिचा आकडा बदललेला असे. एकदा माझ्या किकचा तिच्या चेस्टगार्डवर चांगला खणखणीत आवाज झाला, पण किकची नोंद करणारा पायमोज्यातला सेन्सर नीट लागला नसावा, फलक हलला नाही. कोचच्या खुर्चीतून “अंतर ठेव, अंतर” असे ओरडणे ऐकू येत होते आणि अंतर म्हणजे किती, हेच मला त्या दिवशी कळत नव्हते. फाइटची दुसरी फेरी संपली तेव्हा फलकावर २४-३ होते. वीस गुणांचा फरक पडला की तेव्हाच्या नियमाने तिसरी फेरी होत नसे. माझ्या तीन गुणांपैकी दोन एका किकचे होते, एक ती कोर्टबाहेर गेली त्या दंडाचा. दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत माझे भारताकडून खेळणे आटोपले.

सोनेगावच्या विमानतळावर ढोल वाजत होता. नंदनवनच्या चौकात फ्लेक्स लागला होता, त्यावर माझ्यापेक्षा मोठे फोटो इतरांचे होते, ते असो. सत्कारात कोणीतरी माइक पुढे करून लढत कशी झाली ते विचारले. मी म्हणाले, “चुरशीची झाली.”

त्या बावीस वर्षांच्या मुलीशी, म्हणजे तेव्हाच्या माझ्याशी, माझे भांडण अजून चालू आहे. ती म्हणते की ड्रॉ मी काढला नव्हता, नियम मी केले नव्हते, आणि कर्जाचे हप्ते डोक्यावर असताना शेजारीपाजारी संत्रा बर्फी वाटणाऱ्या आईसमोर मी दुसरे काय बोलायला हवे होते? मला हे खोडता येत नाही. मी तिला आठवण देते की त्याच वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्याच फाइटला तू बरोबरीनंतरच्या निर्णायक गोल्डन राउंडमध्ये हरलीस आणि तुझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली फाइट तीच होती. त्यावर ती विचारते, त्या फाइटचा फ्लेक्स लागला असता का?

सिडनीत २००० साली तायक्वांदो ऑलिम्पिकचा पदकाचा खेळ झाला, पण पॅरिसपर्यंत एकही भारतीय तेथे पोहोचलेला नाही. दिव्यांग खेळाडू अरुणा तन्वर गेली ती टोकियोच्या पॅरालिम्पिकला. जागतिक क्रमवारीत ऑलिम्पिकच्या सुवर्णाला २०० गुण मिळतात आणि मी खेळले तसल्या जी-१ या खालच्या दर्जाच्या स्पर्धेच्या सुवर्णाला १०. हा फरक संघटनेला कळतो, नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणाचे कागद तपासणाऱ्यांनाही कळतो. त्यांनी माझे प्रमाणपत्र परत केले. चौकात मात्र दोन्हींना ‘आंतरराष्ट्रीय’ हा एकच शब्द आहे आणि माझ्याकडे मुली येतात त्या चौकातूनच येतात.

मागच्या महिन्यात क्लासचा बोर्ड नव्याने रंगवायला दिला. पेंटरने जुन्या बोर्डाचा फोटो मोबाइलवर दाखवून विचारले, “मॅडम, ‘आंतरराष्ट्रीय पदकविजेती’ तसंच ठेवायचं ना?” मी जरा वेळ घेतला आणि त्याला सांगितले, ठेवा, पण अक्षरे थोडी लहान करा.