कुंपणाच्या खांबावरचा पाहुणा

आजचा दिवस अमेरिकेतल्या वायोमिंगच्या गुरांच्या कुरणांत, कॅमेरा घेऊन रफ-लेग्ड हॉकच्या मागे. आर्क्टिकहून हिवाळ्यापुरता येणारा हा शिकारी पक्षी. पायांवर थेट बोटांपर्यंत पिसं. गाडी हीच लपण, दार उघडलं की पक्षी गेलाच. इंजिन बंद. हीटरही बराच आधी बंद करून काचा खाली, नाहीतर आतली गरम हवा लेन्ससमोर लहरते, फोटो धूसर येतो आणि शिव्या बिचाऱ्या फोकसला! लेन्स खिडकीत तांदळाच्या पिशवीवर, शटर १/२५०० सेकंद, बर्फामुळे फोटो काळपट येऊ नये म्हणून एक्स्पोजर (उजेडाचं माप) +१. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उडतो, म्हणून वारा आपल्या पाठीशी हवा, म्हणजे तो आपल्याकडे तोंड करून झेपावतो. पुढे झुकून शिटला की तो उडायच्या बेतात, बोट बटणावर. कुंपण मात्र ओलांडायचं नाही, पलीकडचं रान बहुधा खाजगी असतं.