तुम्ही विचारलंत म्हणून: एवढे तलाव असताना टाकी कशाला?

लिफ्टमध्ये, तलावपाळीच्या कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीत आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरांपुढे आ वासून बसलेली असतानाही मला हा प्रश्न विचारण्यात आला आहे. ठाण्यासारख्या तलावांच्या शहरात राहून तुम्ही मागचे पाय लुळे पडलेल्या कुत्रीला टाकीतल्या पाण्यात चालवायला पाचपाखाडीहून थेट घोडबंदर रोडला नेता आणि वर त्याचे पैसे मोजता, ते कशासाठी? विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर बहुधा हसू असते, आणि त्या हसण्याआड दुसरा, खरा प्रश्न दडलेला असतो की एवढे करून काही फरक पडला का. दोन्ही प्रश्नांची उत्तरे मी आजवर तुटक तुटक आणि थोड्या चिडक्या स्वरात दिली आहेत, म्हणून ती एकदा नीट लिहून काढते.

आमच्या डॅशहाउंड कुत्रीचे, म्हणजे खारीचे, मागचे पाय कसे गेले, हे आमच्या सोसायटीत सर्वांना माहीत आहे, तेव्हा ती कथा पुन्हा सांगत नाही. फक्त सोफ्यावरून उडी मारल्यामुळे हे झाले, असे म्हणणे थांबवावे, एवढी विनंती आहे. डॅशहाउंडसारख्या आखूड पायांच्या जातींत मणक्यांमधल्या चकत्या लहान वयातच कोरड्या आणि कडक होऊ लागतात. त्यातली एखादी फुटून आतला भाग मज्जारज्जूवर दाबला गेला की मागचे पाय लुळे पडतात, आणि त्यासाठी उडीच मारावी लागते असे नाही. ज्या घरात सोफाच नाही, त्या घरातल्या डॅशहाउंडलाही हे होते.

आता तलावाबद्दल. कुत्रा पोहतो तेव्हा त्याला पुढे नेण्याचे काम मुख्यतः पुढचे पाय करतात. धडधाकट कुत्र्याचेही हेच, मग ज्याचे मागचे पाय गेले आहेत त्याचे विचारायलाच नको. मासुंदा तलावातल्या होडीप्रमाणे पुढचे दोन पाय वल्ही मारतील आणि मागचे दोन निवांत बसून फेरी मारून येतील. आम्हाला तर त्या मागच्या दोघांनाच कामाला लावायचे होते. त्यात तलावाचे पाणी गार, त्याने स्नायू आखडतात. पावसाळ्यात लेप्टोच्या संसर्गाची भीती. पाठीवर शस्त्रक्रियेची ताजी जखम. आणि कुत्री घाबरून पाण्यात तडफडली तर पाठीच्या कण्याला बसणारा हिसका वेगळाच. टाकीत यातले काहीही नसते. काचेच्या भिंतींची एक पेटी, तिच्या तळाशी संथ सरकणारा पट्टा आणि अंगाला कोमट लागेल असे साधारण तीस अंशांचे पाणी, एवढेच ते यंत्र आहे. पाणी किती भरायचे, यात सगळी मेख आहे. कुत्र्यांवर केलेल्या मोजमापांनुसार पाणी मागच्या पायाच्या घोट्यापर्यंत असेल तर पायांवर शरीराचे सुमारे ९१ टक्के वजन येते, गुडघ्यापर्यंत असेल तर ८५ टक्के आणि खुब्यापर्यंत भरले तर केवळ ३८ टक्के. म्हणजे जमिनीवर जे पाय शरीर पेलू शकत नाहीत, त्यांना खुब्याएवढ्या पाण्यात उभे राहण्याची संधी मिळते, आणि तरीही तळवा खाली टेकलेला राहतो. तळवा टेकणे महत्त्वाचे असते. पोहताना तो टेकत नाही.

हे सांगून झाले की लोक मान डोलावतात आणि विचारतात, “पण कुत्र्यासाठी एवढे?” या प्रश्नाचे उत्तर मी आजवर कोणालाही नीट दिलेले नाही, कारण ते द्यायचे तर त्या रात्रीबद्दल बोलावे लागते.

पहिल्या दवाखान्यात स्नायू आखडल्याचे सांगून वेदनाशामक गोळ्या दिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत खारी मागचा अर्धा भाग फरशीवर ओढत चालू लागली, आणि रात्री आम्ही मज्जासंस्थेचे काम पाहणाऱ्या एका पशुवैद्यकांकडे पोहोचलो. त्यांनी तिला स्टीलच्या टेबलावर उताणे न ठेवता माझ्या हातांच्या आधाराने उभे धरायला सांगितले आणि मागचा एकेक पंजा उलटा करून टेबलावर ठेवला. निरोगी कुत्रा तो क्षणात सरळ करतो. खारीचे पंजे उलटेच राहिले, कोणीतरी विसरून गेलेल्या वस्तूसारखे.

मग त्यांनी तिला कुशीवर निजवले, शस्त्रक्रियेत वापरतात तो चिमटा घेतला आणि मागच्या पायाच्या एका बोटाच्या हाडावर दाबला. पाय झटकन आत ओढला गेला. माझ्या नवऱ्याने हुश्श केले, मी तर रडायच्या बेतात होते. डॉक्टर मात्र त्या पायाकडे बघतच नव्हते. ते तिच्या तोंडाकडे बघत होते. पाय ओढला जाणे म्हणजे दुखल्याची जाणीव होणे नव्हे, असे त्यांनी अगदी शांतपणे सांगितले. ती हालचाल मज्जारज्जूचा खालचा भाग मेंदूला न विचारताही करू शकतो. वेदना मेंदूपर्यंत पोहोचते आहे का, हे कळायचे तर तिने वळून पाहिले पाहिजे, विव्हळले पाहिजे, चावायला आले पाहिजे. खोलवरची ही वेदना शिल्लक असेल तर शस्त्रक्रियेनंतर दहांतले नऊ कुत्रे पुन्हा चालतात, आणि ती नसेल तर साधारण निम्मेच, हेही त्यांनी तेव्हाच सांगितले.

त्यांनी दुसऱ्या पायाला चिमटा लावला आणि दाब वाढवत नेला. पाय ओढला गेला, खारी समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. त्यांनी जागा बदलून बाहेरच्या बाजूचे बोट धरले. माझी, त्या प्राण्याला आयुष्यात कधी टपलीही न मारणाऱ्या बाईची, त्या क्षणी एकच इच्छा होती, की हिला दुखावे, भरपूर दुखावे. तिच्या कानाशी मी काय पुटपुटत होते ते आठवते, पण ते लिहिणार नाही. आणि मग तिचे डोळे मोठे झाले, तिने मान फिरवली आणि डॉक्टरांच्या मनगटाच्या दिशेने दात काढून गुरगुरली. ते हसून म्हणाले, “शाब्बास.” कागदावर त्यांनी काहीतरी लिहिले आणि शस्त्रक्रियेची वेळ सकाळची ठरली.

तेव्हा ‘एवढे कशासाठी’ असे कोणी विचारले की मला ती गुरगुर आठवते. हे तर्कशुद्ध उत्तर नाही, याची मला कल्पना आहे.

शस्त्रक्रियेत मणक्याच्या हाडाला बाजूने खिडकी पाडून चकतीचा बाहेर आलेला भाग काढतात. त्यानंतरचे काम पाण्यात सुरू होत नाही, हे लोकांना सांगावे लागते. जखम भरून टाके निघेपर्यंत पाणी वर्ज्य असते. तोवर पोटावर दाब देऊन लघवी करवणे, जुन्या ओढणीचा पट्टा पोटाखालून घेऊन मागचा भाग तोलून धरणे, प्रत्येक सांधा हळूहळू वाकवून सरळ करणे, तळव्याला मऊ ब्रश फिरवणे, उभे धरून एका कुशीकडून दुसऱ्या कुशीकडे हलकेच वजन झुकवणे, हे सगळे घरच्या सतरंजीवर चालते. पुढे बसून उठण्याचा व्यायाम येतो, आणि मग जमिनीपासून थोड्याच उंचीवर आडव्या ठेवलेल्या काठ्या ओलांडण्याचा. आठवड्यातला टाकीतला वेळ या सगळ्याच्या मानाने अगदी थोडा असतो. पण सतरंजीवरचे काम कोणाला दिसत नाही आणि काचेच्या टाकीतल्या कुत्रीचा फोटो मात्र सगळ्यांना दिसतो. त्यामुळे मी खर्च करणारी ठरते, कष्ट करणारी ठरत नाही.

टाकीतले दृश्य मात्र खरोखर बघण्यासारखे असते. फिजिओथेरपिस्ट स्वतः पाण्यात उतरून खारीच्या मागे गुडघ्यांवर बसायची. पट्टा सुरू झाला की पुढचे पाय आपोआप चालू लागायचे, आणि मागच्या पायांची पावले ती आपल्या हातांनी एकेक करून टाकून द्यायची, पंजा उलटा पडला की सरळ करायचा, पुन्हा टाकायचा. मी बाहेरून काचेला उकडलेल्या अंड्याचा तुकडा लावून उभी असायची. बरेच दिवस काचेतून दिसणारा डावा पंजा पट्ट्यावर नखांच्या पाठीवर घासत जायचा. एका सकाळी तो घासण्याआधीच थोडा उचलला गेला आणि पंजाच्या चारही बोटांनी पट्ट्याला धरले. फिजिओथेरपिस्टचे दोन्ही हात त्या वेळी पाण्याच्या वर होते.

आता हे पाण्यामुळे झाले का, याबद्दल खरे सांगायचे तर मला सिद्ध करता येणार नाही. मज्जारज्जूवरचा दाब शस्त्रक्रियेने काढला गेला होता, खोलवरची वेदना शिल्लक होती, आणि अशा कुत्र्यांपैकी बहुतेक जण तसेही चालू लागतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अशाच शस्त्रक्रियेनंतर काही कुत्र्यांना मूलभूत व्यायाम आणि काहींना अधिक सघन व्यायाम दिले गेले; सघन व्यायाम सुरक्षित ठरले, पण त्यांनी सुधारणेचा वेग किंवा पातळी वाढल्याचे दिसले नाही. हा अभ्यास माझ्या नवऱ्याने मला वाचून दाखवला, आणि पुढचा दिवसभर मी त्याच्याशी धड बोलले नाही. सांधे आखडू न देणे, स्नायू झडू न देणे, वजन वाढू न देणे, एवढ्यासाठीही पाणी उपयोगाचे आहे, हा माझा त्यावरचा युक्तिवाद. तो मला आजही पटतो. मात्र अभ्यास वाचण्यापूर्वी मी वेगळाच युक्तिवाद करत असे, हेही खरे.

माणसांना परवडत नाहीत असे उपचार कुत्र्याला, असे म्हणणाऱ्यांशी मला फारसा वाद घालता येत नाही, कारण पूर्वी मीच तसे म्हणत असे. तेव्हाच्या मला आजची मी सांगेन, की हा पैसा खारीवर खर्च झाला नसता तर कोणाच्या आजीच्या गुडघ्यासाठी गेला नसता, आमच्या बाथरूमच्या टाइल्ससाठी गेला असता. तेव्हाची मी यावर म्हणेल, की ही पळवाट आहे. बहुधा तिचेही बरोबर आहे.

बी विंगमधल्या काकांनी त्यांच्या लॅब्रेडॉरला न्यावे का, असे परवा विचारले. खुब्याचे सांधे सैल असलेल्या, वजन वाढलेल्या कुत्र्याला पाण्यातले चालणे सोसते, हे खरे. पण काका, आधी तुमच्या पशुवैद्यकांकडून त्याचे हृदय तपासून घ्या. कानात किंवा कातडीवर संसर्ग असेल, कुठे उघडी जखम असेल, तर तो बरा होईपर्यंत थांबा. केंद्रात पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली काम होते का ते विचारा. आणि पहिल्याच दिवशी फार वेळ चालवणाऱ्या जागी परत जाऊ नका.

खारी आता चालते. वळताना मागचा भाग किंचित झुकतो, आणि ओल्या फरशीवर डावा पाय घसरतो. टाकीत नेणे अजून चालू ठेवावे की थांबवावे, यावर आमच्या घरात एकमत नाही. फिजिओथेरपिस्टच्या मते महिन्यातून एकदा तरी आणावे, आणि त्यात त्यांचा व्यवसाय आहे, हे मी विसरलेले नाही.