मिस्त्रीकाका कधी बोलतात, हे प्रोग्रॅमला शिकवताना

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत, मोटरी चालवणाऱ्या विजेच्या पॅनेलच्या एका कारखान्यात शिकाऊ मुलांना फॉल्ट शोधायला शिकवणारा प्रोग्रॅम करायचं काम माझ्याकडे आलं. पहिला प्रोग्रॅम मी परीक्षेसारखा केला. स्टार-डेल्टा स्टार्टरचं (मोटर आधी 'स्टार' जोडणीत कमी व्होल्टेजवर सुरू करून मग 'डेल्टा' जोडणीत पूर्ण व्होल्टेजवर नेतो तो) चित्र, खाली चार पर्याय, चुकलं की लगेच लाल पट्टी. आठवड्याभरात मुलांना पर्याय पाठ झाले. खरं पॅनेल उघडलं की मात्र हात अडायचे.

मग लॅपटॉप बाजूला ठेवून मी पंधरा दिवस तिथल्या मिस्त्रीकाकांजवळ स्टूल टाकून बसलो. एक मोटर स्टारमध्ये सुरू व्हायची, डेल्टात जायचीच नाही. मुलानं थेट टायमर बदलला. काका पाहत राहिले, बोलले नाहीत. मोटर तशीच. तेव्हा एवढंच विचारलं, "सप्लाय कुठलोक येऊन राह्यला?" मुलगा मीटर घेऊन मागोवा काढत गेला. सप्लाय टायमरच्या पुढे होता, डेल्टा कॉन्टॅक्टरच्या (कॉइलला वीज मिळाली की ओढला जाणारा स्विच) कॉइलवर नव्हता. मध्ये स्टार कॉन्टॅक्टरचा एनसी (एरवी जोडलेला, कॉन्टॅक्टर ओढला की सुटणारा) कॉन्टॅक्ट, त्यावर काजळी. दोन्ही कॉन्टॅक्टर एकदम ओढले तर शॉर्ट होईल, म्हणून तो तिथे असतो. चित्रात तो कॉन्टॅक्ट त्यानं कितीदा पाहिला होता. कशासाठी आहे ते त्या दिवशी कळलं.

पिट्सबर्ग विद्यापीठात ॲलन लेसगोल्ड यांच्या गटानं १९८०च्या दशकात अमेरिकी हवाई दलासाठी केलेल्या 'शेरलॉक' या शिकवणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल मी तेव्हा वाचलं. एफ-१५ विमानांचे इलेक्ट्रॉनिक भाग तपासणाऱ्या यंत्रणेतला दोष शिकणाऱ्या टेक्निशियननं स्वतः शोधायचा, अडलाच तर मदत मागायची. काकांचीच रीत!

नव्यानं बांधताना पर्याय काढून टाकले. मुलगा मीटर हव्या त्या दोन टर्मिनलांवर लावतो, प्रोग्रॅम गप्प राहून प्रत्येक मोजमाप टिपतो. मदत मागितली तर आधी प्रश्न, मग कुठे पाहायचं ते, अगदी शेवटी उत्तर. हात बसत गेला की मदत कमी होते. दोष सापडल्यावर मुलाची वाट आणि काकांची वाट शेजारी शेजारी दिसते. मला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण मुलं तिथे एकमेकांशी वाद घालतात.

शेवटी काकांनाच बसवलं. पॅनेल उघडायच्या आधीच ते थांबले. "ऑपरेटर कुठी हाय? त्याले इचारू दे ना, कवापासून असं होऊन राह्यलं."

माझ्या प्रोग्रॅममध्ये ऑपरेटरच नव्हता. आता पहिल्या पडद्यावर तोच उभा आहे, पॅनेल त्याच्या मागे.