नवी कापशी चावलीच पाहिजे

आमचं चपलांचं दुकान आजोबांपासूनचं. दिवसभर गिऱ्हाइकाच्या पायाशी बसायचं काम, त्यामुळं माझं लक्ष तोंडाआधी पायाकडं जातं.

नवी कोल्हापुरी चावते. म्हशीचं जाड कातडं, बाभळीच्या सालीत कमावलेलं. चपलेचा अंगठा आणि बाजूचे कान सुरुवातीला त्रास देणारच. तेल लावून, घरातल्या घरात वापरून ती हळूहळू पायात बसते. म्हणून साठीतलं एखादं गिऱ्हाईक कोरी करकरीत कापशी, म्हणजे कोल्हापुरीचाच एक प्रकार, घालून दोन फेऱ्या मारतं आणि खुशीत म्हणतं, "अजिबात चावत नाही ओ ही!" तेव्हा मी विचारतो, "काका, शुगर आहे काय?"

बहुतेक वेळा असतेच. "गोळ्या चालू आहेत, त्रास काही नाही."

त्रास नाही, हीच तर गोम आहे. साखर वर्षानुवर्षं चढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. चप्पल घासते, फोड येतो, फुटतो, आणि त्याच पायानं माणूस रंकाळ्याला चक्कर मारून येतो. त्यात रक्तपुरवठा कमी झालेला असला की जखम भरत नाही, आत पू धरतो, आणि प्रकरण बोट कापण्यावर जातं.

मलाही शुगर आहे. आमचे डॉक्टर वर्षातून एकदा डोळे मिटायला लावतात आणि नायलॉनचा एक तंतू तळव्याला टेकवतात. तो वाकेपर्यंत दाबला की १० ग्रॅमचा भार पडतो. लागला की 'हं' म्हणायचं, एवढीच परीक्षा. घट्ट्यावर टेकवत नाहीत, तिथं कुणालाच नीट कळत नाही. तंतू वाकला तरी आपण गप्प, म्हणजे पायाचा पहारेकरी झोपला.

अशा गिऱ्हाइकाला मी अंगठ्याची चप्पल देत नाही. धाकटा भाऊ वैतागतो, "दादा, दुकानाला कुलूप लावतोस काय?" लावत नाही, एमसीआरची, म्हणजे मऊ स्पंजासारख्या रबराची देतो: मऊ तळ, मागं पट्टा, बोटात काही अडकत नाही. रुबाब नाही, कबूल. पण कोल्हापुरीचा रुबाब करायला पाय जाग्यावर पाहिजेत.

अनवाणी चालण्याचं काय, हा आपल्याकडं नाजूक विषय. चैत्रात जोतिबाला, भर दुपारी अंबाबाईला. फरशी तापलेली असते आणि बधिर तळव्याला ते कळतच नाही. देवीला सकाळी लवकर जा, पायात मोजे घाला. घरी आल्यावर आरसा जमिनीवर ठेवून तळवे बघा, बोटांच्या बेचक्या बघा. भोवरी ब्लेडनं तासू नका. पाय शेकायला गरम पाण्याची बादली तर नकोच.

डोळे आणि किडनीचंही तसंच, बिघडताना आवाज करत नाहीत. चष्म्याचा नंबर काढला म्हणजे डोळे तपासले असं नव्हे. थेंब घालून, बाहुली मोठी करून पडदा बघावा लागतो, साधारण वर्षातून एकदा. किडनीसाठी रक्तातलं नुसतं क्रिएटिनिन पुरत नाही. लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण बघायचं, ते ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमच्या आत हवं. ते आधी वाढतं, रक्तातलं क्रिएटिनिन पुष्कळ उशिरा.

ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास १९९८ साली छापून आला. त्यात तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ७.९ ऐवजी ७ राहिलेल्यांमध्ये बारीक रक्तवाहिन्यांचे त्रास, मुख्यतः डोळे-किडनीचे, पाव हिश्शानं कमी झाले होते. एका टक्क्याच्याही आतला फरक! अर्थात, वय फार झालेल्यांना किंवा साखर एकदम उतरणाऱ्यांना ७चा हट्ट धरत नाहीत, ते डॉक्टर ठरवतात. बीपीही १३०/८०च्या आसपास हवं. आणि तंबाखू सोडा. आमच्या गल्लीत हे सांगायला गेलं की सगळे एकदम कामाला लागतात!

चप्पल घ्यायला संध्याकाळी या. दिवसभरात पाय थोडे सुजतात, सकाळी बरोबर बसलेली चप्पल तेव्हा आवळते. गिऱ्हाइकाला उभं करून कागदावर पायाची रेघ मारतो आणि कागद चपलेवर ठेवतो. रेघ कडेबाहेर गेली तर ती चप्पल परत फळीवर. दोन्ही पायांची रेघ वेगळी मारायची, कारण बहुतेकांचा एक पाय मोठा असतो. कागद-पेन्सिल दुकानात आहे, त्याचे पैसे पडत नाहीत.